नेमबाजीसाठी कानातले इलेक्ट्रॉनिक बोळे : पैसे देण्यापूर्वी काय पाहाल?

गेल्या महिन्यात मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर एका परिचिताच्या दुकानात आम्ही बसलो होतो. हेल्मेट, हातमोजे, सुरक्षा चष्मे, कामगारांचे बूट असा त्यांचा धंदा. तेवढ्यात रायगड जिल्ह्यातला एक विशीतला तरुण आला. त्याने खिशातून एक लहानशी डबी काढून गल्ल्यावर ठेवली. डबीत कानात घालायचे दोन इलेक्ट्रॉनिक बोळे होते. बाजारात ज्यांना ‘इलेक्ट्रॉनिक इअर प्लग’ म्हणतात, तेच हे. दुबईला असलेल्या मामूंनी ते त्याला खास नेमबाजीच्या सरावासाठी पाठवले होते आणि किंमतही चांगलीच मोजली होती.

“चाचा, यात लांबचं कुजबुजणंसुद्धा ऐकू येतं. पण सराव करून घरी गेलो की रात्रभर कानात घुंई घुंई होतं. पीस खराब आहे का?”

दुकानदारांनी बोळे हातात घेऊन उलटसुलट पाहिले. म्हणाले, “बेटा, आधी बटण बंद कर. आता कानात घाल. माझं बोलणं ऐकू येतं?”

“येतं की, साफ येतं.”

“मग गोळीचा आवाजही तसाच साफ येणार. यंत्र ठीक आहे, पण तुझ्या कानाचं दार उघडंच आहे.”

डबीत तीन मापांच्या रबरी टोप्या होत्या. तरुणाने सर्वांत लहान टोपी वापरली होती, कारण ती घालायला सोपी होती. दुकानदारांनी त्याला फोमची योग्य मापाची टोपी लावून दिली आणि बटण बंदच ठेवून पुन्हा बोळे घालायला लावले. या वेळी रस्त्यावरचा हातगाड्यांचा गलका एकदम दूर गेल्यासारखा झाला, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच आम्हाला कळले.

त्या दहा मिनिटांत या मालाबद्दलची सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगून झाली होती. अशी साधने आता आपल्याकडेही येऊ लागली आहेत. आखातातून नातेवाईक आणतात, घरबसल्या मागवता येतात, काही क्रीडासाहित्याच्या दुकानांतही दिसतात. म्हणून घेणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनीही काय पाहावे, याची माहिती येथे देत आहोत.

आवाज किती, नुकसान किती?

आवाजाची तीव्रता डेसिबलमध्ये मोजतात. हे माप साध्या फूटपट्टीसारखे चढत नाही. दहा डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते आणि वीस वाढले की शंभरपट. दोन माणसांचे साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास कानावर पडत राहिला, तर वर्षांनुवर्षे हळूहळू श्रवणशक्ती घटते. बंदुकीचे गणित मात्र निराळे आहे. तेथे तासांचा हिशेब नसतो, एका क्षणाचा असतो. १४० डेसिबलच्या वरचा धमाका उघड्या कानावर एकदाही पडू नये, ही जगभर मान्य झालेली मर्यादा आहे.

पॉइंट टू-टू (०.२२) रायफल ही त्यातल्या त्यात सौम्य. तरीही तिचा आवाज या मर्यादेच्या जवळ पोचतो. ९ मिलिमीटरचे पिस्तूल आणि बारा बोअरची बंदूक साधारण १५० ते १६५ डेसिबलच्या दरम्यान असतात. बंदिस्त रेंजमध्ये भिंतींवरून आवाज परत येतो, तेव्हा मारा आणखी वाढतो. शेजारच्या लेनमधल्या माणसाची गोळी आपल्या कानाला सोडत नाही, हेही लक्षात ठेवावे.

आपल्या आतल्या कानात सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. एका कानात त्या सुमारे पंधरा हजार. आवाजाचे रूपांतर मज्जातंतूंच्या संदेशात करणे हे त्यांचे काम. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत आणि कोणत्याही औषधाने परत येत नाहीत. श्रवणयंत्र आवाज मोठा करते, पण गेलेल्या पेशी परत देत नाही. आधी जातात त्या उंच पट्टीच्या आवाजाच्या पेशी. त्यामुळे ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत’ अशी तक्रार सुरू होते. स, श, त, फ अशी व्यंजने गळून पडतात. उजव्या खांद्यावरून रायफल चालवणाऱ्याचा डावा कान बहुधा आधी बिघडतो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजव्या कानाला डोक्याचा थोडा आडोसा मिळतो.

हे साधन नेमके करते काय?

इलेक्ट्रॉनिक बोळ्याचे तीन भाग समजून घ्यावेत. बाहेरच्या बाजूला एक बारीक मायक्रोफोन असतो. मध्ये आवाज वाढवणारे व आवरणारे सर्किट असते. आत कानाच्या पडद्याच्या दिशेने एक चिमुकला स्पीकर असतो. आसपासचे बोलणे, प्रशिक्षकाच्या सूचना, पावलांचा आवाज हे सर्व मायक्रोफोन टिपतो आणि स्पीकर कानात पोचवतो. धमाका झाला की सर्किट स्पीकरला आवरते. चांगल्या साधनात स्पीकरमधून येणारा आवाज साधारण ८२ ते ८५ डेसिबलच्या वर जाऊ दिला जात नाही.

येथेच बहुतेक गिऱ्हाइकांची चूक होते. त्यांना वाटते की यंत्र गोळीचा आवाज कापते. वास्तविक यंत्र फक्त स्वतःच्या स्पीकरचा आवाज आवरते. बाहेरून हवेतून येणारा धमाका अडवण्याचे काम करते ती कानात घट्ट बसलेली फोमची किंवा रबराची टोपी. ती सैल असेल तर धमाका टोपीच्या बाजूने सरळ आत जातो आणि सर्किट कितीही महाग असले तरी काही करू शकत नाही. थोडक्यात, इलेक्ट्रॉनिक भाग ऐकण्यासाठी आहे आणि टोपी वाचण्यासाठी. हे एक वाक्य लक्षात राहिले तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

याचीच दुसरी बाजू अशी की, बॅटरी संपली तरी टोपी नीट बसलेली असेल तर संरक्षण कायम राहते. फक्त ऐकू कमी येते.

कोणी घ्यावेत, कोणी घेऊ नयेत?

महाराष्ट्रात नेमबाजीचे वेड नवे नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन रायफलमध्ये जागतिक विजेतेपद मिळवले. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक जिंकले. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक आणले. त्यानंतर मुलांना रेंजवर घेऊन जाणारे पालक वाढले आहेत. त्यांच्यासाठी पहिली सूचना.

आपला मुलगा किंवा मुलगी आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या स्पर्धेत उतरणार असेल, तर इलेक्ट्रॉनिक बोळे त्याच्या कामाचे नाहीत. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार खेळाडूला आवाज कमी करणारे साधन वापरता येते, पण आवाज वाढवणारे किंवा संदेश ग्रहण करणारे साधन वापरता येत नाही. म्हणजे साधा फोमचा बोळा, रबरी बोळा किंवा साधे इअर मफ. स्पर्धेच्या दिवशी नवे साधन घालून नेम बिघडवण्यापेक्षा सरावापासूनच साधा बोळा वापरावा. ज्या खेळाडूला मुळातच कमी ऐकू येते, त्याने आयोजकांकडे आधी रीतसर विचारणा करावी.

दुसरे, जो अजून १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तूलवरच आहे, त्याला महागड्या साधनाची गरज नाही. तेथे दारूचा स्फोट नसतो. खर्च करायचा तो पॉइंट टू-टूकडे वळताना करावा.

मग हे बोळे कोणासाठी? दिवसभर फायरिंग लाइनवर उभे राहून सूचना देणाऱ्या आणि ऐकणाऱ्या प्रशिक्षकांसाठी. रेंजवरील अधिकाऱ्यांसाठी. सुरक्षारक्षकांना शस्त्र प्रशिक्षण देणाऱ्यांसाठी. नव्याने शिकणाऱ्या आणि प्रत्येक हुकूम ऐकू येणे गरजेचे असलेल्या परवानाधारकांसाठी. कोकणात पीक संरक्षणाच्या परवान्यावर बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्यांसाठीही. रात्री शेतावर चाहूल ऐकू यायला हवी आणि बार उडाला तर कानही वाचायला हवा, ही त्यांची गरज साध्या बोळ्याने भागत नाही. बोळा घातला की चाहूल लागत नाही, म्हणून ते बोळाच घालत नाहीत. कापसाचा बोळा घालणारे काही आहेत, पण कापूस आवाज जवळजवळ अडवतच नाही.

इअर मफ आणि कानातला बोळा यांत बोळ्याचे दोन फायदे आहेत. रायफलच्या दस्त्याला गाल टेकवताना मफची वाटी दस्त्याला लागून सरकते, बोळा सरकत नाही. चष्म्याच्या दांडीमुळे मफच्या कडेला फट राहते, बोळ्याला तो प्रश्न नाही. शिवाय आपल्या उकाड्यात मफखाली घामाच्या धारा लागतात.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या वाचकांना प्रश्न पडेल की यंत्रमागाच्या शेडमध्ये हे चालतील का? चालतील, पण पैसे वाया जातील. मागाचा खडखडाट दिवसभर ९० डेसिबलच्या वर सारखा चालू असतो. अधूनमधून धमाका आणि बाकी शांतता अशी स्थिती तेथे नसते. तेथे काही रुपयांचा साधा फोमचा बोळा नीट घातला तर पुरे. मात्र तो घालणे आवश्यकच आहे. आवाजामुळे येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यावसायिक रोग म्हणून नोंदलेला होता, हे मालकांनी विसरू नये.

खोक्यावरचा आकडा कसा वाचावा?

खोक्यावर बहुधा ‘एनआरआर’ असा आकडा असतो. उदाहरणार्थ २३, २५, ३०. अमेरिकेतील पर्यावरण संस्थेने १९७९ पासून हा आकडा छापणे बंधनकारक केले. युरोपीय मालावर ‘एसएनआर’ असतो. दोन्ही आकडे डेसिबलमध्येच असले तरी मोजण्याची रीत वेगळी आहे. एकाच मालाचा एसएनआर बहुधा एनआरआरपेक्षा काही डेसिबलने मोठा येतो. म्हणून एका मालाचा एनआरआर आणि दुसऱ्याचा एसएनआर यांची तुलना करू नये. युरोपीय मालावर ‘ईएन ३५२’ हे मानक लिहिलेले असते. आवाजानुसार बदलणाऱ्या बोळ्यांसाठी त्याचा सातवा भाग आहे. भारतीय मानक ‘आयएस ९१६७’ या क्रमांकाचे आहे.

आता मुख्य गोष्ट. हा आकडा प्रयोगशाळेत, जाणकार माणसाच्या देखरेखीखाली बोळा नीट घालून मोजलेला असतो. प्रत्यक्षात एवढे संरक्षण क्वचितच मिळते. अमेरिकेच्या कामगार आरोग्य संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नायॉश’ने, यासाठी कपातीची सूचना केली होती. मफच्या आकड्यातून चौथा हिस्सा वजा करावा, फोमच्या बोळ्याच्या आकड्यातून निम्मा आणि इतर बोळ्यांच्या आकड्यातून ७० टक्के. यात मफला कपात कमी आहे, कारण मफ चुकीचा घालणे अवघड आणि बोळा चुकीचा घालणे फार सोपे.

एक ढोबळ हिशेब करून पाहू. धमाका १६० डेसिबलचा आणि खोक्यावरचा आकडा २५. पूर्ण संरक्षण मिळाले तर कानापर्यंत १३५ पोचतात, म्हणजे मर्यादेच्या आत. बोळा सैल बसून निम्मेच मिळाले तर सुमारे १४८ पोचतात, म्हणजे मर्यादेच्या बाहेर. माल तोच, खोके तेच, किंमत तीच. फरक फक्त घालण्यात आहे. धमाक्याच्या आवाजासाठी एनआरआर हे अचूक माप नाही, त्याची स्वतंत्र चाचणी असते. ज्या कंपनीने ती चाचणी करून आकडे छापले असतील तिला थोडे झुकते माप द्यावे. पण सैल टोपीचा न्याय तेथेही बदलत नाही.

बंदिस्त रेंजवर किंवा मोठ्या बोअरच्या शस्त्रासाठी बोळा आणि त्यावर मफ अशी दुहेरी व्यवस्था करावी. मात्र २५ आणि २५ मिळून ५० होत नाहीत. दुहेरी वापराने मोठ्या आकड्यात साधारण पाच डेसिबलचीच भर धरतात. तसेच ४० ते ५० डेसिबलच्या पलीकडे कोणतेही साधन जाऊ शकत नाही, कारण मग आवाज कवटीच्या हाडांतून आत शिरतो. ‘६० डेसिबल आवाज कमी’ अशी जाहिरात दिसली तर तो माल बाजूला ठेवावा.

अमेरिकेतला एक धडा

सैल बोळ्याची किंमत किती मोठी असू शकते, याचे उदाहरण धंद्याच्या इतिहासात नोंदले गेले आहे. थ्री-एम ही जगप्रसिद्ध कंपनी. तिने २००८ साली एअरो ही कंपनी विकत घेतली. एअरोचे ‘कॉम्बॅट आर्म्स’ नावाचे दुहेरी टोकाचे बोळे अमेरिकन सैन्याला पुरवले जात होते. त्यांत इलेक्ट्रॉनिक भाग नव्हता, पण कल्पना तीच होती की बोलणे ऐकू यावे आणि धमाका अडावा. हे बोळे आखूड असल्याने काहींच्या कानात नीट बसत नाहीत, नकळत सैल होतात आणि हे माहीत असूनही सैन्याला सांगितले गेले नाही, असा आरोप अमेरिकन सरकारने केला. २०१८ साली कंपनीने ९१ लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवले. पुढे माजी सैनिकांनी दाव्यांचा पाऊस पाडला. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे ६०० कोटी डॉलरची तडजोड जाहीर झाली. दोन्ही वेळा कंपनीने दोष मान्य केला नाही, हेही नमूद करायला हवे.

यातून आपल्याला घ्यायचा बोध सरळ आहे. नाव मोठे असले तरी माल आपल्या कानात बसतो का, हे आपणच पाहिले पाहिजे. सैल झालेला बोळा दुखत नाही, टोचत नाही, पडतही नाही. तो फक्त काम करणे थांबवतो.

बटण बंद ठेवून परीक्षा

दुकानात किंवा घरी माल आल्यावर प्रथम बॅटरी चालू करू नये. गिऱ्हाईक सर्वांत आधी आवाज वाढवून पाहते आणि खूश होते. तो मोह टाळावा. बटण बंद ठेवून पुढील परीक्षा कराव्यात.

१) बोळे घातल्यावर स्वतःचा आवाज हंड्यात बोलल्यासारखा घुमला पाहिजे. घुमत नसेल तर फट आहे.

२) पंखा किंवा रस्त्याचा गोंगाट अशा एकसारख्या आवाजाजवळ उभे राहावे. दोन्ही तळहातांनी कान घट्ट झाकावेत आणि हात काढावेत. आवाजात फारसा फरक जाणवला नाही तर बोळा नीट बसला आहे. झाकल्यावर आवाज बराच कमी झाला तर बोळा सैल आहे.

३) तोंड उघडून मिटावे, चघळल्यासारखे करावे, रायफल धरल्यासारखी मान वाकवावी. नंतर दुसरी परीक्षा पुन्हा करावी. जबडा हलला की कानाची नळी थोडी बदलते आणि तेथेच अनेक टोप्या सैल होतात.

४) दोन्ही कान वेगवेगळे तपासावेत. एकाच माणसाच्या दोन कानांच्या नळ्या वेगळ्या मापाच्या असू शकतात. एका बाजूला मोठी आणि दुसऱ्या बाजूला मधली टोपी लागली तर त्यात कमीपणा नाही.

घालण्याची रीतही सांगून ठेवतो. फोमची टोपी बोटांत वळून बारीक करावी. विरुद्ध हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर व मागे ओढावी, म्हणजे नळी सरळ होते. बोळा आत सारून फोम फुगेपर्यंत, साधारण २० ते ३० सेकंद, बोटाने धरून ठेवावा. रबरी पदरांची टोपी वळायची नसते. ती हलकेच फिरवत आत सारावी. फोम बहुतेकांना नीट बसतो, पण लवकर मळतो. रबर धुता येते, पण माप अचूक लागते. दोन्हीही बसत नसतील तर श्रवणतज्ज्ञाकडे कानाचा साचा घेऊन टोपी बनवून घेता येते.

आता बटण चालू करा

टोपीची परीक्षा उत्तीर्ण झाली की मग इलेक्ट्रॉनिक भागाकडे वळावे. येथे तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, धमाक्यानंतर बोलणे ऐकू येते का? हलक्या साधनांत धमाका झाला की सगळाच आवाज क्षणभर तुटतो आणि शेजारी एकामागून एक गोळ्या चालू असतील तर रेंजवरचा हुकूम अर्धवट ऐकू येतो. चांगल्या साधनांत आवाज तुटत नाही, दाबला जातो. दुकानात गोळी झाडता येत नाही, पण बोलणे चालू असताना जोरात टाळी वाजवून थोडा अंदाज येतो.

दुसरी, दिशा कळते का? डोळे मिटून कोणाला तरी डावीकडून, उजवीकडून, मागून हाक मारायला सांगावे. हाक कोठून आली हे कळत नसेल तर रेंजवर ते धोक्याचे आहे.

तिसरी, पंख्यासमोर उभे राहावे. वाऱ्याचा खरखराट फार येत असेल तर उघड्या मैदानावर ते साधन अर्ध्या तासात नकोसे होईल.

मोबाईलशी जोडणारी ब्लूटूथची सोय असली तर असू द्यावी, पण तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. फायरिंग लाइनवर फोन घेण्याची वेळ येऊ नये हेच बरे.

बॅटरी, पावसाळा आणि सुटे भाग

काही बोळ्यांत श्रवणयंत्राच्या लहान बटणासारख्या झिंक-एअर बॅटऱ्या असतात. त्या १०, ३१२, १३ अशा मापांत मिळतात. वरचा चिकट कागद काढला की त्या वापरल्या नाहीत तरी उतरू लागतात. म्हणून कागद आधी काढून ठेवू नये. काहींत चार्ज होणारी बॅटरी असते. ती सोयीची, पण बहुधा बदलता येत नाही. काही वर्षांनी ती दमली की सगळा संचच बाद होतो.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याची दमट हवा व घाम हे या यंत्राचे मोठे शत्रू आहेत. वापरल्यावर कोरड्या फडक्याने पुसून, ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी टाकलेल्या डबीत ठेवावेत. कानातला मळ स्पीकरच्या तोंडाशी बसला की आवाज बारीक होतो आणि लोकांना वाटते यंत्र बिघडले. टोपी काढून मऊ ब्रशने साफ करावे. टोक आत खुपसू नये.

घेण्यापूर्वी दुकानदाराला एक प्रश्न अवश्य विचारावा : टोप्या सुट्या मिळतात का? फोमच्या टोप्या महिन्या-दोन महिन्यांत कडक होतात. त्या मिळत नसतील तर हजारो रुपयांचे यंत्र डबीत पडून राहील.

कोणत्या मालापासून दूर राहावे?

गाणी ऐकण्याचे ‘नॉइज कॅन्सलिंग’ इअरफोन हे श्रवणसंरक्षण नव्हे. विमानाच्या घरघरीसारखा एकसारखा, खालच्या पट्टीचा आवाज ते कमी करतात. गोळीचा धमाका त्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे. तसेच ‘लांबचे ऐका’ म्हणून विकली जाणारी स्वस्त आवाजवर्धक यंत्रे. त्यांच्यावर एनआरआर, एसएनआर किंवा मानकाचा क्रमांक नसेल तर ती रेंजवर नेऊ नयेत. आवाज आवरण्याची मर्यादा त्यांत असेलच असे नाही.

आमच्या व्यापारी बांधवांनाही दोन शब्द. हा माल खोके उघडून दाखवून विकण्याचा आहे. एकच नमुना समोर ठेवावा, प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवी फोम टोपी लावावी, आरसा द्यावा आणि घालायला शिकवावे. पाच मिनिटे जातील, पण ते गिऱ्हाईक टोप्यांसाठी वर्षभर परत येईल. स्पर्धेच्या खेळाडूला इलेक्ट्रॉनिक माल गळ्यात मारू नये. आज नफा होईल, पण स्पर्धेच्या दिवशी पंचांनी अडवले की तो मुलगा आणि त्याचे पालक आपल्या दुकानाचे नाव घेतील.

एक तपासणी राहूनच जाते

नेमबाजी सुरू करण्यापूर्वी एकदा आणि नंतर दरवर्षी श्रवणचाचणी करून घ्यावी. पहिला कागद जपून ठेवावा, म्हणजे पुढे किती घट झाली ते कळते. मोठ्या सरकारी रुग्णालयांत कान-नाक-घसा विभागात ही चाचणी होते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था आहे. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांचे नाव तिला दिले आहे. श्रवणदोषांची तपासणी हे तिचे कामच आहे. सरावानंतर कान बंद झाल्यासारखे वाटले किंवा घुंई घुंई दुसऱ्या दिवशीही राहिली, तर ‘होईल बरे’ म्हणत बसू नये. लगेच डॉक्टरांना दाखवावे. अशा वेळी दिवस मोलाचे असतात.

नागदेवीच्या त्या दुकानातून तरुण निघाला तेव्हा त्याने फक्त दोन जोड्या फोमच्या टोप्या आणि साध्या बोळ्यांचे एक पाकीट घेतले होते. साधे बोळे स्पर्धेसाठी. जाताना दुकानदारांनी त्याला दरवाजातच थांबवले.

“बेटा, रेंजवर पोचलास की आधी काय करशील?”

“बटण बंद करून बोळे घालीन, चाचा. बाहेरचं ऐकू येईनासं झालं की मगच बटण चालू.”

“शाब्बास,” ते म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.